कार्यालयात धर्म आणि समलिंगी सहकाऱ्यांची बरोबरी: नियम लिहिण्यापासून तक्रार निकाली काढेपर्यंत

नागपुरात मिहानमधली आयटी कंपनी असो, बुटीबोरीतला कारखाना असो की सीताबर्डीवरचं वीस माणसांचं ऑफिस असो, चूक बहुतेक एकाच जागी होते. तक्रार आल्यावर नियम शोधायला सुरुवात होते. मग एचआरवाले दोघांना केबिनमध्ये बोलावतात, चहा मागवतात आणि "घ्या मिटवून" म्हणतात. ज्याच्यावर बोट ठेवलं गेलं त्याला वाटतं, आपला धर्म आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. ज्याने तक्रार केली त्याचं गुपित संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये पोहोचलेलं असतं.

हा लेख साधारण 20 ते 300 माणसांच्या आस्थापनेसाठी आहे. क्रम बदलू नका. प्रशिक्षण आधी आणि नियम नंतर केले, की प्रशिक्षणात विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसतं.

## टप्पा 1: तीन माणसं निवडा

हे काम एकट्या एचआरवर टाकू नका. तिघांची समिती पुरते: एक एचआरमधला, एक उत्पादन किंवा ऑपरेशन्समधला वरिष्ठ, एक कामगारांचा विश्वास असलेला माणूस. तिघांत निदान एक बाई असावी आणि तिघेही एकाच धर्माचे नसावेत. दरवर्षी ऑफिसचा गणपती किंवा इफ्तार ज्याच्या पुढाकाराने होतो त्याला समितीत घेऊ नका, पण त्याच्याशी बोला. सगळ्यात जास्त तपशील त्याच्याकडेच मिळतो.

इशारा: "आपल्याकडे तो एक गे मुलगा आहे ना, त्यालाच घ्या" असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबा. तो स्वतःहून, उघडपणे पुढे आला तरच घ्या. कुजबुजीवरून कुणाला "प्रतिनिधी" करणं म्हणजे समितीच्या पहिल्याच बैठकीत त्याची ओळख फोडणं.

## टप्पा 2: दोन याद्या करा

एक दिवस वही घेऊन इमारतीत फिरा.

पहिली यादी धर्माची. रिसेप्शनचा देव्हारा, मशीनवरचं स्टिकर, गुरुवारची आरती, खंडेनवमीची यंत्रपूजा, वर्षाचा सत्यनारायण आणि त्याची वर्गणी, शुक्रवारी जुम्म्याला जाणारे, रमजानमधली दुसरी पाळी, दीक्षाभूमीला जाण्यासाठी मागितलेली रजा, टेबलावरची बुद्धमूर्ती, गळ्यातला क्रॉस, सकाळचे व्हॉट्सॲप सुविचार. जे सगळ्यांना इतकं सवयीचं झालंय की कुणी त्याला "धार्मिक" म्हणतच नाही, ते आधी लिहा.

दुसरी यादी अशा जागांची, जिथे समलिंगी माणूस अडतो. जॉइनिंग फॉर्मवरचा "पती/पत्नीचे नाव" हा रकाना, मेडिक्लेममधली कुटुंबाची व्याख्या, "सहकुटुंब या" असं छापलेलं फॅमिली डेचं निमंत्रण, "लग्न कधी करतो बे?" हा रोजचा प्रश्न, "मिठा" (गे माणसासाठीचा टोमणा) म्हणून होणारी चेष्टा, फक्त विवाहितांना मिळणारं कंपनीचं क्वार्टर.

तपासणी: दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा आणि किती ओळी एकमेकींना भिडतात ते मोजा. बहुतेक ठिकाणी अशा ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात. धर्म आणि समलिंगी हक्क यांच्यात रोजचं युद्ध चालू आहे ही समजूतच चुकीची असते. भांडण होतं ते मोजक्या जागांवर, आणि नियम त्या जागांसाठीच लिहायचे असतात.

## टप्पा 3: कायदा किती आहे आणि कुठे संपतो

6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, हे त्याआधी 2017 च्या पुट्टस्वामी निकालात आलं होतं. 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. "कोर्टाने तर नाही म्हटलंय" हे वाक्य कॅन्टीनमध्ये ऐकू येतं ते या निकालावरून. तो लग्नाबद्दल होता. सहकाऱ्याला छळण्याची मुभा त्याने कुणालाही दिलेली नाही.

राज्यघटनेचं कलम 25 धर्माचरणाचं स्वातंत्र्य देतं, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींच्या अधीन आहे.

खासगी नोकरीत लैंगिक कलावरून भेदभाव करू नये असं थेट सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे आणि तो खासगी आस्थापनांनाही लागू होतो. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे पॉश म्हणतात त्यात, तक्रारदार फक्त स्त्री असू शकते. म्हणजे समलिंगी पुरुषासाठी तुमच्या कंपनीचं लेखी धोरण हाच मुख्य आधार उरतो. म्हणून ते नीट लिहायचं.

## टप्पा 4: मोजमाप ठरवा

सगळ्या नियमांमागे एकच प्रश्न ठेवा: हे आचरण करणाऱ्यापुरतं राहतं, की दुसऱ्यावर जाऊन पडतं? त्यातून तीन कप्पे होतात.

स्वतःपुरतं. टिळा, टोपी, हिजाब, क्रॉस, जानवं, मनगटाचा धागा, उपवास, टेबलावरचा लहान फोटो. याला परवानगी मागायची गरज नाही. अपवाद फक्त सुरक्षेचा: लेथ किंवा ड्रिलिंग मशीनवर धागा, कडं, अंगठी, सैल ओढणी चालत नाही. हा अपवाद लिहिताना वस्तूचं नाव लिहा, धर्माचं नको. समलिंगी कर्मचाऱ्याने आपल्या जोडीदाराचा फोटो टेबलावर ठेवला तर तोही याच कप्प्यात येतो. शेजारी बायकोचा फोटो ठेवतो तेव्हा आपण त्याला "प्रचार" म्हणत नाही.

वेळ किंवा जागा लागणारं. नमाज, रोजा, वंदना, आरती, सण. इथे सोय करायची आणि ती सगळ्यांना एकाच मापाने.

दुसऱ्यावर पडणारं. नको म्हटल्यावरही उपदेश करणं, ठरावीक माणसाला उद्देशून वचनं पाठवणं, कामाला नकार देणं, घरी फोन करणं, "आमच्या महाराजांकडे चल, ठीक होशील" म्हणत मागे लागणं. हे नाही चालणार, मग त्यामागची श्रद्धा कितीही खरी असो. शेवटचं उदाहरण बऱ्याचदा भल्या मनाने घडतं, म्हणून प्रशिक्षणात ते मुद्दाम सांगा. समलैंगिकता हा आजार नाही हे भारतीय मनोचिकित्सकांच्या संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट केलं आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा "बदल" घडवण्याच्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. डॉक्टरला जे करायला बंदी आहे, ते सुपरवायझरने सुचवू नये.

कप्पा कोणता हे कळेना, तर चार गोष्टी विचारा. समोरच्याला तिथून उठून जाता येत होतं का? मजकुरात कुणाकडे बोट होतं का? "नको" म्हटल्यावर थांबलं का? बोलणारा वरिष्ठ होता का? जेवताना कुणी विचारलं म्हणून "माझ्या धर्मात हे बसत नाही" एवढं एकदा म्हणणं हे गैरवर्तन नाही. तेच वाक्य टीम लीडरने अप्रेझलच्या बैठकीत म्हटलं तर आहे.

बाहेरच्या न्यायालयांनीही रेघ साधारण इथेच ओढली आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 15 जानेवारी 2013 रोजी एकाच निकालपत्रात दोन गोष्टी सांगितल्या. ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन कर्मचारी बाईला गळ्यात क्रॉस घालू न देणं चूक होतं. पण समलिंगी जोडप्यांची नोंदणी करायला श्रद्धेच्या कारणाने नकार देणाऱ्या लंडनमधल्या निबंधक बाईची बाजू न्यायालयाने मान्य केली नाही. क्रॉस तिच्या गळ्यात होता, नकार मात्र समोर उभ्या माणसाला बसत होता. हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण मॅनेजरांना फरक समजावायला याहून सोपी जोडी मिळत नाही.

सदर भागातल्या एखाद्या हॉटेलच्या रिसेप्शनवर "दोन पुरुषांना एक खोली मी देणार नाही" असं कुणी म्हणालं, तर हेच माप लावा. डेस्कवर आहे तोवर काम करावं लागेल. ड्युटी बदलून मागितली तर विचार करता येतो, पण ग्राहकासमोर काउंटर बदलायचा नाही. तो अपमान ग्राहकाला दिसतो.

## टप्पा 5: दोन पानांत नियम लिहा

दोन पानांपेक्षा जास्त लिहू नका. मराठी आणि हिंदी, दोन्हींत लिहा. हिंगण्याच्या शॉप फ्लोअरवर इंग्रजी धोरण म्हणजे नोटीस बोर्डाची शोभा. भाषा साधी ठेवा. उदाहरणार्थ:

"प्रत्येक कर्मचाऱ्याला आपला धर्म पाळण्याचा, न पाळण्याचा आणि धार्मिक कार्यक्रमात सहभागी न होण्याचा अधिकार आहे. त्याची कारणं कुणी विचारणार नाही."

"लैंगिक कल, लिंगओळख किंवा वैवाहिक स्थिती यावरून कुणाचीही चेष्टा, बहिष्कार, धमकी किंवा कामात भेदभाव हे गैरवर्तन आहे. ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो तसा आहे की नाही, याला महत्त्व नाही."

"सहकाऱ्याची खासगी माहिती त्याच्या घरी, शेजारी किंवा नातेवाइकांना कळवणं हे गंभीर गैरवर्तन आहे."

"कुणाच्या श्रद्धेची, उपवासाची, पोशाखाची टिंगल करणं हेही तितकंच गैरवर्तन आहे."

तिसरा नियम गाळू नका. नागपूर मोठं झालं तरी महाल भागातला माणूस त्रिमूर्तीनगरातल्या कुणाचा तरी मावसभाऊ निघतोच. इथे सगळ्यात मोठं नुकसान ऑफिसातल्या चेष्टेने होत नाही, बापाला गेलेल्या एका फोनने होतं.

इशारा: नियम लागू झाल्याची तारीख आणि प्रत्येकाची पोच-सही घ्या. स्थायी आदेश (कामगारांच्या सेवाशर्तींचे प्रमाणित नियम) लागू असतील तर गैरवर्तनाच्या यादीत हे बसतं का, ते कामगार कायद्याच्या वकिलाकडून तपासून घ्या. पोच नसलेल्या नियमावरून केलेली कारवाई टिकवणं अवघड जातं.

## टप्पा 6: सुट्ट्या, जागा, वर्गणी

वीस किंवा जास्त (2025 च्या बदलाआधी दहा किंवा जास्त) कामगार असलेल्या दुकानं-आस्थापनांना लागू होणारा महाराष्ट्राचा 2017 चा कायदा वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या देतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. प्रत्यक्षात त्या चार मालकाच्या घरच्या कॅलेंडरवरून ठरतात, ही पहिली चूक. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादी फिरवा. शिवाय जमलं तर प्रत्येकाला दोन ऐच्छिक सुट्ट्या द्या: कुणी ईदला घेईल, कुणी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, कुणी नाताळला, आणि कुणाला आपल्या जोडीदाराच्या वाढदिवसाला हवी असेल. ऐच्छिक सुट्टीच्या अर्जात कारणाचा रकाना ठेवू नका.

जागेसाठी एक शांत खोली, निदान 8 बाय 10 फूट, दाराला आतून कडी नको, भिंतीवर कुठल्याही धर्माचं चित्र नको. वेळ आधी नोंदवायची. जुम्म्यासाठी लागणारा वेळ जेवणाच्या सुट्टीला जोडून द्या आणि भरून काढायचा असेल तर आरतीलाही तोच हिशोब लावा.

वर्गणी नावानिशी भिंतीवर लावणं बंद करा. डबा ठेवा. ज्याने दिली नाही त्याचं नाव कुणाला कळता कामा नये.

हेच माप उलट्या बाजूनेही लागतं, आणि तिथे आधुनिक कंपन्या घसरतात. जून महिन्यात, म्हणजे समलिंगी अभिमानाच्या "प्राइड" महिन्यात, सगळ्यांच्या गळ्यात इंद्रधनुष्यी पट्ट्याचं ओळखपत्र अडकवू नका. ज्याला हवं तो घेईल. कुणाच्या मनात काय आहे हे कंपनीने तपासायचं नसतं, तिने वागणूक तपासायची. पट्टा न घालणाऱ्या माणसाला "तू विरोधात आहेस का?" असं विचारणं आणि पूजेला न येणाऱ्याला विचारणं, दोन्ही एकच.

फायद्यांचं काम पटकन होतं. फॉर्मवर "पती/पत्नी/जोडीदार" करा आणि रकाना ऐच्छिक ठेवा. संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्यात जोडीदाराला नॉमिनी नेमायला समलिंगी व्यक्तींना आडकाठी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 रोजी स्पष्ट केलं आहे, ते कर्मचाऱ्यांना कळवा. ग्रुप मेडिक्लेममध्ये जोडीदार बसतो का, ते नूतनीकरणाच्या आधी विमा कंपनीला लेखी विचारा. पीएफ आणि ग्रॅच्युइटीत मात्र कुटुंब असेल तर नामनिर्देशन कुटुंबातल्याच व्यक्तीचं लागतं. तिथे खोटं आश्वासन देऊ नका.

## टप्पा 7: व्हॉट्सॲप ग्रुप

कामाचा ग्रुप कामापुरता ठेवा. सुविचार, आरत्या, नात (पैगंबरांची स्तुतिगीतं), बुद्धवंदना यांच्यासाठी ज्याला हवा त्याने वेगळा ग्रुप करावा, आणि त्यात कुणालाही न विचारता घालू नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते तेव्हाचा प्रसंग घ्या. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी सगळं शहर देतं. त्यातलं "गे" हे आपलं साधं संबोधन. कुणी ती ओळ ग्रुपवर टाकली तर काहीच बिघडलं नाही. पण त्याच ओळीत "गे" ठळक करून, खाली एका सहकाऱ्याचा फोटो आणि डोळा मारणारी इमोजी टाकली, तर? टाकणारा म्हणेल, "आमची परंपरा आहे." परंपरेची आरोळी कुणाचा फोटो लावून दिली जात नाही. हे तिसऱ्या कप्प्यात गेलं. उलट, फोटो पाहून चिडलेला कुणी "तुमचे सगळे सण असलेच" असं लिहील, तर त्याचीही स्वतंत्र नोंद होईल.

## टप्पा 8: मॅनेजरांचं प्रशिक्षण

दीड तास, एका बॅचमध्ये 20 ते 25 जण. भाषण कमी. टप्पा 4 मधले दहा-बारा प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहा आणि प्रत्येकाला कप्पा ठरवायला लावा. "धर्मात खरं तर काय लिहिलंय" या चर्चेत शिरू नका. ग्रंथाचा अर्थ लावणं हे कंपनीचं काम नाही, आणि त्या वादात दीड तास कसा संपतो ते कळत नाही.

तपासणी: शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी विचारा: "तक्रार आली तर पहिला फोन कुणाला?" "दोघांना बोलावून समजावतो" असं उत्तर आलं, तर त्या मॅनेजरला पुन्हा बसवा.

## टप्पा 9: तक्रार आली

दार ठरवा. तक्रारदार स्त्री आहे आणि प्रकार लैंगिक छळाचा आहे, तर पॉशखालची अंतर्गत समिती (दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर ती असायलाच हवी). तक्रारदार तृतीयपंथी आहे, तर 2019 च्या कायद्याखालचा तक्रार अधिकारी. 2020 च्या नियमांप्रमाणे त्याने 15 दिवसांत चौकशी करायची आणि आस्थापनेच्या प्रमुखाने पुढच्या 15 दिवसांत कारवाई. बाकी सगळं कंपनीच्या धोरणाखाली. चुकीच्या दारातून आत गेलेली चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

पहिले 24 तास. तक्रार तक्रारदाराच्याच शब्दांत लिहून घ्या. मग एवढंच विचारा: आज कामावर सुरक्षित वाटतं का, हे आणखी कुणाला माहीत आहे, घरी माहीत आहे का, संपर्क कोणत्या नंबरवर करायचा. "तू खरंच तसा आहेस का?" हा प्रश्न कधीही नाही. उत्तर काहीही असलं तरी निकाल बदलत नाही.

पत्र घरच्या पत्त्यावर पाठवू नका. हातात द्या, बंद पाकिटात. बैठकीच्या निमंत्रणाचा विषय "चर्चा" एवढाच ठेवा, कारण शेजारच्याच्या स्क्रीनवरही कॅलेंडर दिसतं. फाइलवर नाव नको, क्रमांक टाका. फॉर्मवरच्या "आपत्कालीन संपर्क" या नंबरला तक्रारीबाबत फोन करायचा नाही, तो बहुधा वडिलांचा असतो.

तिसऱ्या दिवसापर्यंत पुरावे. स्क्रीनशॉटमध्ये ग्रुपचं नाव, तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. कुणाचाही अख्खा फोन तपासायला मागू नका. पाळी किंवा जागा बदलायची असेल तर तक्रारदाराची बदलू नका. "तुझ्याच भल्यासाठी तुला बुटीबोरीला टाकतो" ही शिक्षाच असते.

सातव्या दिवसापर्यंत नोटीस. इथे शब्द चुकतात. "आपल्या कट्टर धार्मिक विचारांमुळे सहकाऱ्यास त्रास झाला" असं लिहिलंत की प्रकरण धर्माचं झालं, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर माणसं जमा. असं लिहा: "दि. … रोजी … ग्रुपवर आपण … हा मजकूर व छायाचित्र पाठवल्याचे दिसते. याबाबत आपले म्हणणे तीन दिवसांत लेखी द्यावे." कृती, तारीख, जागा. श्रद्धेचा उल्लेख शून्य.

म्हणणं ऐका, वेगवेगळं. दोघांना समोरासमोर बसवू नका. "माझ्या धर्माचा अपमान झाला" अशी उलट तक्रार आली तर तिला वेगळा क्रमांक, तीच मुदत. दोन तक्रारी एकमेकींत वजा करून बरोबरी साधायची नाही.

तिसाव्या दिवसापर्यंत लेखी निर्णय. पहिल्या वेळी आणि सौम्य असेल तर लेखी समज. पुन्हा घडलं तर वेतनवाढ रोखणं किंवा निलंबन, नियमांत असेल तसं. घरी फोन करून ओळख फोडली असेल तर पहिलीच वेळ म्हणून सूट नाही. माफीनामा सगळ्यांसमोर वाचून घेऊ नका, त्याने तक्रारदार कोण ते जाहीर होतं.

## टप्पा 10: तीन महिन्यांनी

आकडे तीनच बघा: किती तक्रारी आल्या, किती मुदतीत निघाल्या, तक्रारदारांपैकी किती अजून नोकरीत आहेत. पहिला आकडा शून्य असेल तर खूश होऊ नका. बहुधा तक्रार कुठे करायची हेच लोकांना कळलेलं नाही, किंवा तक्रारपेटी एचआरच्या काचेच्या केबिनसमोर टांगलेली आहे. ती जिन्याच्या वळणावर, कॅमेरा नसलेल्या जागी न्या.

एचआरचा माणूस नोकरी सोडून गेला तर त्याच दिवशी कपाटाची किल्ली आणि तक्रारींची क्रमांक-नोंदवही समितीतल्या दुसऱ्या सदस्याकडे सहीनिशी द्या, आणि फाइल ठेवलेल्या फोल्डरचा पासवर्ड बदला.